जत, जर्मनी आणि दारिद्र्यरेषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. दर उन्हाळ्यात मुलामुलींना घेऊन आम्ही आसपासच्या गावांत घरखर्चाची पाहणी करायला जातो. वर्गात, एसटीत, लोकांच्या ओट्यावर आणि नंतर पालकांच्या फोनवर मला तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. प्रश्न आले त्याच क्रमाने ठेवले आहेत, त्यामुळे काही उत्तरं लांब झाली आहेत आणि काही दोन ओळींत संपली आहेत.

गरिबी मोजायची म्हणजे नक्की काय मोजायचं?

दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. माणसाकडे काय आहे ते कशावरून बघायचं: उत्पन्न, खर्च, की घर-पाणी-शाळा? आणि किती कमी असलं की त्याला गरीब म्हणायचं? पहिल्याचं उत्तर म्हणजे माप, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे रेषा. बातमीत छापून येतो तो टक्का या दोन्हींचा मिळून असतो. "अमुक देशात इतके टक्के गरीब" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कुठल्या मापाने आणि कुठल्या रेषेने? एवढं कळल्याशिवाय त्या टक्क्याचं काही करता येत नाही.

ही रेषा पहिल्यांदा कोणी आखली?

आपल्याकडे दादाभाई नौरोजींनी. माणसाला जगायला कमीत कमी किती लागतं याचा हिशेब त्यांनी तुरुंगातल्या कैद्यांच्या शिध्यावरून मांडला आणि १८६७-६८ च्या किमतींनुसार प्रांताप्रांतांत माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये असा आकडा काढला. कैद्याला सरकार जेवढं देतं तेवढंसुद्धा बाहेरच्या रयतेला मिळत नाही, हे त्यांना आकड्यांनी दाखवायचं होतं. १८९९ मध्ये सीबोम राउंट्री यांनी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात घरोघर पाहणी करून तिथे अशीच रेषा आखली.

पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० कॅलरी हा पाया धरला. १९६०-६१ च्या किमतींनी तो खर्च खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाला. मुलं हा आकडा ऐकून हसतात. मग मी त्यांना आजी-आजोबांना विचारून यायला सांगते की तेव्हा शेतमजुराला दिवसाची मजुरी काय मिळायची. दुसऱ्या दिवशी कुणी हसत नाही.

दिवसाला तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपये. मग आमचं अख्खं गाव गरीब ठरेल की!

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि गैरसमजही इथेच सगळ्यात मोठा आहे.

दिवसाला तीन डॉलर ही जागतिक बँकेची दारिद्र्यरेषा. पण हे डॉलर बँकेच्या खिडकीवर बदलून मिळणारे डॉलर नव्हेत. तो हिशेब क्रयशक्ती समतेचा, म्हणजे पीपीपीचा असतो. सोपं करून सांगते. केस कापायला न्यूयॉर्कला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात कवठेमहांकाळला घरातल्या सगळ्यांचे केस कापून होतील. शिंप्याची शिलाई, खोलीचं भाडं, भाजी, वडापची सीट, यातलं काहीच बाजारातल्या डॉलरच्या भावाने चालत नाही. मोबाइल मात्र जगात कुठेही साधारण सारख्याच किमतीला विकला जातो. म्हणून देशोदेशींच्या शेकडो वस्तू आणि सेवांच्या किमती गोळा करतात आणि अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं तेवढंच आपल्याकडे घ्यायला किती रुपये लागतील ते काढतात. २०१७ साली बाजारात डॉलर ६५ रुपयांच्या थोडा वर होता, पण या हिशेबाने एका डॉलरचा माल भारतात २० रुपये ६५ पैशांत येत होता. फरक तिपटीहून जास्त.

आताची तीन डॉलरची रेषा २०२१ च्या किमतींवर आहे. रुपयांत ती माणशी दिवसाला साठीच्या आसपास येते. पाच माणसांच्या घराला महिन्याला साधारण नऊ हजार रुपये, तेही २०२१ च्या भावाने. आता आपल्या गल्लीतली घरं डोळ्यांसमोर आणा. अख्खं गाव रेषेखाली जात नाही, पण कोण जातं ते तुम्हाला लगेच दिसेल.

वेगवेगळ्या देशांतली तीच वस्तू शोधतात कशी? तिकडे भाकरी कुठे मिळते?

या सगळ्या कामातला अवघड भाग हाच आहे. आपल्या जत-मंगळवेढ्याकडची शाळू ज्वारी घ्या. अमेरिकाही ज्वारी भरपूर पिकवते, पण तिथली बहुतेक ज्वारी जनावरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जाते. माणसाने खायचं ज्वारीचं पीठ तिथे मागायला गेलात तर महागाच्या दुकानात जावं लागतं. मग ज्वारीची तुलना कशाशी करायची? देशाच्या रोजच्या खाण्यातली वस्तू निवडली तर ती दुसऱ्या देशात मिळत नाही. दोन्हीकडे मिळणारी वस्तू निवडली तर ती गरिबाच्या ताटात नसते.

देशोदेशींच्या किमती जुळवायचं हे काम १९६८ पासून चालू आहे. २०२१ च्या फेरीत १७६ देश आणि प्रदेश होते. इतकी वर्षं घासूनपुसूनही ही अडचण पूर्ण सुटलेली नाही. म्हणून दोन देशांतला एखाद-दोन टक्क्यांचा फरक मी फरक धरत नाही. दहा-वीस टक्क्यांचा असेल तर धरते.

तीन डॉलरच का? हा आकडा आला कुठून?

गरीब देशांच्या स्वतःच्या दारिद्र्यरेषांवरून. सगळ्यात कमी उत्पन्नाच्या देशांनी आपापल्या घरात आखलेल्या रेषा एकाच मापात आणतात, चढत्या क्रमाने लावतात आणि मधली घेतात. १९९० मध्ये तो आकडा दिवसाला एक डॉलर होता. किमतींचं आधारवर्ष बदलत गेलं तसा तो २००८ मध्ये सव्वा डॉलर झाला, २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर. जरा वरच्या उत्पन्नाच्या देशांसाठी ४.२० आणि ८.३० डॉलर अशा आणखी दोन रेषा आहेत. भारत निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत मोडतो, त्यामुळे आपल्याला खरं तर ४.२० ची रेषा जास्त लागू पडते. बातम्यांत मात्र बहुतेक वेळा सगळ्यात खालची रेषाच येते.

रेषा वर नेली म्हणून देश एका रात्रीत गरीब झाला का?

नाही. पट्टी बदलली. जुन्या पट्टीचा कालचा टक्का आणि नव्या पट्टीचा आजचा टक्का शेजारी ठेवून "गरिबी वाढली" किंवा "घटली" म्हणणं चूक आहे. तुलना करायची तर दोन्ही वर्षं एकाच पट्टीने मोजलेली हवीत.

हे आकडे गोळा कसे होतात? आमच्याकडे तर कधी कुणी आलं नाही.

भारतात घरखर्चाची मोठी राष्ट्रीय पाहणी होते. २०२२-२३ च्या पाहणीत देशभरातली २,६१,७४६ घरं होती. एवढ्या मोठ्या देशात तुमच्या दारावर थाप पडण्याची शक्यता फार कमी, आणि नमुना नीट निवडला असेल तर त्याने बिघडतही नाही. खरा प्रश्न थाप पडल्यानंतर काय विचारतात आणि काय लिहितात हा आहे.

आमच्याच पाहणीतला एक प्रसंग सांगते. जत तालुक्याच्या पूर्वेकडचं गाव, एप्रिलचं ऊन, पत्र्याच्या सावलीत साठीच्या एक बाई बसलेल्या. माझा विद्यार्थी विचारतोय, "मावशी, मागच्या तीस दिवसांत गोडं तेल किती आणलं?" मावशी म्हणाल्या, "दोन पिशव्या." आतून सुनेचा आवाज आला, "आत्या, पावणं आलं तवा एक आणिक आणलीती की." मग तीन झाल्या. पुढचा प्रश्न ज्वारीचा. मावशी म्हणाल्या, "ज्वारी कशाला इकत आणू? घरची हाय." पोराने रकान्यात शून्य लिहायला घेतलं आणि मी त्याचं पेन थांबवलं.

घरात तीन पोती ठेवली होती. सुगीपासून दिवाळीपर्यंत, म्हणजे आठ महिने पुरवायची. पोतं शंभर किलोचं धरलं तर महिन्याला सदतीस किलोच्या वर ज्वारी ते घर खात होतं. शेतावरचा भाव किलोला तीस रुपये धरला तरी महिन्याचे अकराशे रुपये झाले. घरात सहा माणसं. शून्य लिहिलं असतं तर माणशी महिन्याला जवळजवळ एकशे नव्वद रुपयांचं खाणं कागदावरून नाहीसं झालं असतं. वर सांगितलेल्या रेषेचा तो दहावा हिस्सा आहे. रेषेच्या काठावरचं घर अशा एका शून्याने खाली जातं. राष्ट्रीय पाहणीत घरच्या धान्याची किंमत शेतावरच्या भावाने धरायचा नियम आहे. पण नियम छापलेला असतो आणि पेन उन्हात बसलेल्या माणसाच्या हातात असतं.

आठवणीची मुदत हीसुद्धा अशीच भानगड आहे. तीस दिवसांत भाजी किती आणली हे कुणालाच आठवत नाही, सात दिवसांचं आठवतं. नव्वदच्या दशकात भारतात हे शेजारी-शेजारी करून पाहिलं गेलं. खाण्याच्या काही वस्तूंसाठी सात दिवस आणि कपडे, शिक्षण अशा खर्चांसाठी वर्ष अशी मुदत विचारली तेव्हा खर्च इतका वाढलेला दिसला की गरिबीचा टक्का जवळजवळ निम्म्यावर आला. माणसं तीच आणि ताटंही तीच होती, फक्त प्रश्न विचारायची रीत बदलली होती. आता भारताने ही मिश्र मुदतीची पद्धत स्वीकारली आहे. ती जास्त बरोबर आहे असं माझं मत आहे. मात्र जुन्या पद्धतीचा आकडा तिच्याशेजारी ठेवू नये.

सरळ उत्पन्न का विचारत नाहीत?

तासगावच्या द्राक्षबागायतदाराला विचारून बघा. एका वर्षी माल निर्यात होतो, पुढच्या वर्षी छाटणीनंतर अवकाळी येतो आणि उत्पन्न शून्याच्याही खाली जातं. पण घरात चूल दोन्ही वर्षं पेटते, उधारीवर का होईना. म्हणून भारतात, आशियाच्या बऱ्याच भागात आणि आफ्रिकेत खर्च मोजतात. युरोपात आणि लॅटिन अमेरिकेत उत्पन्न मोजतात, कारण तिथे पगाराची पावती असलेली माणसं जास्त. त्यामुळे भारत आणि ब्राझील यांची तुलना करताना एकाचा खर्च आणि दुसऱ्याचं उत्पन्न असं मांडलेलं असतं. उत्पन्न शून्य असू शकतं, खर्च सहसा शून्य नसतो. नुसत्या त्या एका कारणाने उत्पन्न मोजणाऱ्या देशात तळाची गरिबी जास्त दिसू शकते.

रेशनचं फुकट धान्य धरतात का?

दोन्ही प्रकारे हिशेब करतात. २०२२-२३ मध्ये ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये निघाला. फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरली की तो ३,८६० झाला. शहरात तोच ६,४५९ वरून ६,५२१.

माझी बहीण जर्मनीत असते. ती म्हणते तिकडेही गरीब आहेत. कसं शक्य आहे?

शक्य आहे, कारण तिथलं माप वेगळं आहे. युरोपीय संघात देशातलं मधल्या माणसाचं उत्पन्न घेतात आणि त्याच्या ६० टक्क्यांहून कमी असेल त्याला गरिबीचा धोका आहे असं म्हणतात. देश श्रीमंत झाला की ही रेषाही वर सरकते. अमेरिकेचं तिसरंच. तिथे १९६०च्या दशकात मॉली ऑर्शान्स्की या सरकारी अर्थतज्ज्ञ बाईंनी साध्या जेवणाचा खर्च काढून त्याला तिनाने गुणलं, आणि तीच रेषा महागाईप्रमाणे वाढवत आजवर वापरतात. २०२५ मध्ये एकट्या माणसासाठी ती वर्षाला १५,६५० डॉलर होती, म्हणजे दिवसाला ४३ डॉलरच्या जवळ. चीनची रेषा २०१० च्या किमतींनी वर्षाला २,३०० युआन. त्या रेषेने तीव्र गरिबी संपली असं चीनने २०२१ मध्ये जाहीर केलं.

जर्मनीतल्या गरिबाला आपल्याकडच्या गरिबाइतकं उपाशी राहावं लागत नाही. तरी त्याची अडचण खोटी ठरत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीने शाळेत असताना सहलीला जायचं टाळलं होतं, तेही आजारपणाचं निमित्त सांगून, कारण वर्गणी भरता येत नव्हती. पोटाला पुरेसं होतं, चारचौघांत वावरायला पुरत नव्हतं. युरोपचं माप हे पकडायला बघतं. आपल्याकडे दोन्ही मापं लागतात असं मला मनापासून वाटतं.

बहुआयामी दारिद्र्य म्हणजे काय?

पैसे बाजूला ठेवून थेट घर बघायचं. ऑक्सफर्डच्या सबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांच्या पद्धतीवर हा निर्देशांक २०१० पासून निघतो. पोषण, बालमृत्यू, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पाणी, वीज, घर, चीजवस्तू असे दहा निकष. प्रत्येक निकषाला ठरावीक वजन, म्हणजे गुण, असतात. एकूण गुणांपैकी एक तृतीयांश किंवा जास्त गुणांच्या निकषांत घर कमी पडलं की ते गरीब. भारताच्या नीती आयोगाने त्यात मातेचं आरोग्य आणि बँक खातं घालून बारा केले. त्या हिशेबाने देशातलं प्रमाण २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आलं.

मला हे माप आवडतं, पण त्यातही दारात उभं राहूनच बघावं लागतं. गॅस आहे का? सिलिंडर कोपऱ्यात असतो आणि चूल पेटलेली असते, कारण टाकी भरायला पैसे नसतात. म्हणून "गॅस आहे का" न विचारता "स्वयंपाक जास्त करून कशावर होतो" असं विचारायचं. पाण्याचं तर ऋतूवर आहे. माण तालुक्यातल्या एखाद्या वाडीत ऑगस्टमध्ये विचारलं तर हातपंप म्हणतील, मे महिन्यात विचारलं तर टँकरची वाट बघत उभे असतील.

रेषेच्या जरा खाली आणि फार खाली, सगळे सारखेच का?

साध्या टक्केवारीत हो, आणि ते अन्यायाचं आहे. अमर्त्य सेन यांनी १९७६ मध्ये हेच दाखवून दिलं. त्यानंतर रेषेपासून किती खाली हे मोजणारी मापं आली. टक्का तोच राहिला आणि तळातली माणसं आणखी खाली गेली तर ती मापं ते सांगतात.

एका घरात सगळे सारखेच खातात का?

नाही, पण हिशेब तसा धरतात. घराचा खर्च भागिले माणसं. घरातली बाई शेवटी जेवते आणि उरलेल्यात भागवते हे भागाकारात कुठेच दिसत नाही. जगभरच्या आकड्यांत ही उणीव आहे.

ऊसतोडीला आलेल्या लोकांना कुठे मोजतात?

हा प्रश्न वाळव्याच्या एका विद्यार्थ्याने विचारला होता आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दिवाळीच्या सुमारास बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, कारखान्याच्या आसपास रानात कोप्या, म्हणजे झोपड्या. चार-पाच महिने ही माणसं तिकडे नसतात आणि इकडची नसतात. तिकडे घराला कुलूप किंवा नुसती म्हातारी माणसं. इकडे आमच्या गावाच्या यादीत त्यांचं नाव नाही. आमच्या पहिल्या पाहणीत शिवारात तीस-चाळीस कोप्या होत्या आणि आम्ही एकाही कोपीत गेलो नाही, कारण हातात ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी होती. चूक माझी होती. शिवाय उचल हे कर्ज आहे. तिच्यातून झालेला खर्च कागदावर खर्च म्हणून चढतो आणि घर बरं दिसतं. ती फेडायला पुढचा हंगाम बांधलेला आहे हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

मग भारतात नक्की किती टक्के गरीब आहेत?

२०२२-२३ मध्ये तीन डॉलरच्या रेषेने ५.३ टक्के, त्याच वर्षी ४.२० डॉलरच्या रेषेने २३.९ टक्के. सरकारने नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या रेषेने २०११-१२ मध्ये २१.९ टक्के, आणि त्याच वर्षासाठी रंगराजन समितीच्या रेषेने २९.५ टक्के. हे सगळे आकडे आपापल्या रेषेपुरते बरोबर आहेत. एका वाक्यात सांगायचं झालं तर मी तीन डॉलरचा आणि ४.२० चा असे दोन्ही सांगते. त्या दोन रेषांमधली माणसं एका दवाखान्याच्या बिलाने किंवा कृष्णेच्या एका पुराने पुन्हा खाली जाऊ शकतात. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये हे पाहिलं आहे.

पिवळं रेशनकार्ड म्हणजे हीच रेषा का?

नाही. महाराष्ट्रात पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये ठरवली होती. आजच्या मजुरीच्या दराने ती मर्यादा एक माणूस दोन-तीन महिन्यांत ओलांडतो. कार्ड योजनेसाठी असतं, मोजमापासाठी नाही. कार्डांची संख्या मोजून गरिबी काढू नका.

सातारा-सांगलीचा तालुकावार आकडा मिळेल का?

खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीतून नाही, एका तालुक्याच्या वाट्याला फारच थोडी घरं येतात. बहुआयामी निर्देशांक जिल्ह्यापर्यंत मिळतो. पण आटपाडी आणि पलूस एका जिल्ह्यात, माण आणि कराड एका जिल्ह्यात. जिल्ह्याच्या सरासरीत एकाचं पाणी दुसऱ्याचा दुष्काळ झाकतं.

आमच्या गावात स्वतः पाहणी करायची आहे. सुरुवात कशी करू?

घरपट्टीची यादी घ्या आणि तिच्यात नसलेली घरं आधी पायी फिरून शोधा: कोप्या, वीटभट्ट्या, मेंढपाळांचे तळ. पन्नास घरं चिठ्ठ्या टाकून निवडा, ओळखीची नको. भाजी-तेल सात दिवसांचं विचारा, किराणा तीस दिवसांचा, कपडे आणि फी वर्षाची. शक्य असेल तर घरातल्या बाईंना विचारा आणि त्या बोलत असताना पुरुषांना जरा बाजूला बसवा. सुगीनंतर एकदा, मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा जा. मिळालेला खर्च कुठल्या वर्षाच्या भावाचा आहे ते प्रत्येक पानावर लिहा. आणि ज्वारीच्या रकान्यात शून्य आलं, तर पुढच्या ओळीवर जाण्याआधी घरात पोती किती आहेत ते विचारा.